१९९१ ची एमएम ५४० जीप: मूळ प्यूजो इंजिनाच्या जागी कोणते इंजिन बसवावे?

शिवनेरी_जीप:

नमस्कार. आमच्या घरी १९९१ ची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे, चारही चाकांना ओढ असलेली. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि जुन्नर–नारायणगाव रस्त्यावर तिने टोमॅटोच्या क्रेटपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सर्व काही वाहिले आहे. इंजिन मूळचेच, म्हणजे प्यूजोचे एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. आजवर ते दोनदा खोलले गेले. दुसऱ्या वेळी चारही लायनर (सिलिंडरच्या आत बसणाऱ्या बदलता येण्याजोग्या नळ्या) आणि पिस्टन बदलले.

गेल्या महिन्यात माळशेज घाट चढताना रेडिएटरची वरची नळी फाटली. तापमानाचा काटा कित्येक वर्षांपासून बंद होता आणि तो दुरुस्त करण्याचा मी नुसता विचारच करत राहिलो, त्यामुळे बॉनेटखालून वाफ येईपर्यंत मला काहीच कळले नाही. गाडी थांबवली तेव्हा इंजिन आपोआप बंद पडण्याच्या बेतात होते. थंड झाल्यावर पाणी भरून हळूहळू घरी आणले. दुसऱ्या दिवशी ऑइलची कांडी काढून पाहिली, तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसत होते.

आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की, ब्लॉक (इंजिनाचा सिलिंडर असलेला मुख्य भाग) फुटला आहे आणि या इंजिनावर आता खर्च करण्यात अर्थ नाही. त्यांच्या ओळखीच्या एका भंगारवाल्याकडे बोलेरोचे २५२३ सीसीचे टर्बो डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन गिअरबॉक्ससह आहे आणि तो ५५,००० रुपये मागतो. मिस्त्रींच्या मते ते «दोन दिवसांत बसेल». माझे तीन प्रश्न आहेत. हे इंजिन खरोखर बसेल का? बसले तरी मागचा गिअरबॉक्स, एक्सल आणि ब्रेक त्याला पुरे पडतील का? आणि नोंदणीपुस्तकावर इंजिनाचा जुना क्रमांक आहे, त्याचे काय करावे? गाडी विकायची नाही. वडील आता चालवत नाहीत, पण सकाळी अंगणात ती दिसली नाही तर विचारतात.

उद्यमनगर_फिटर:

आपल्या तीन प्रश्नांच्या आधी माझा एक प्रश्न आहे. ब्लॉक फुटला हे कोणी आणि कसे ठरवले? ऑइलमध्ये पाणी आले एवढ्यावरून ते ठरत नाही. कोल्हापुरात बोअरिंगच्या कामात माझी तीस वर्षे गेली आणि «ब्लॉक गेला» म्हणून आलेल्या कितीतरी इंजिनांमध्ये प्रत्यक्षात हेडला (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाला) दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीत भेग निघाली, किंवा हेड वाकल्यामुळे पॅकिंग सुटलेले होते. आपले इंजिन जुन्या पद्धतीचे, म्हणजे हेडमध्ये स्वतंत्र ज्वलनकक्ष असलेले आहे. अशा इंजिनात हेडला उष्णता फार सोसावी लागते, त्यामुळे पाणी संपले की पहिला मार बहुधा हेडलाच बसतो.

म्हणून हेड खोलण्याची घाई करू नका. आधी ऑइल काढून खालचा चेंबर (ऑइल साठणारे तळाचे भांडे) उतरवा, गाडीखाली कोरडे वर्तमानपत्र अंथरा आणि रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून पाण्याला दाब द्या. रेडिएटरच्या झाकणावर जेवढा दाब लिहिलेला असतो त्याच्या फार पुढे जाऊ नका, नाहीतर जुना रेडिएटर हकनाक फुटेल. मग हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन खाली झोपा आणि अर्धा तास नुसते पाहा. पाणी पिस्टनच्या कडेने, बोअरच्या (सिलिंडरच्या पोकळीच्या) आतल्या भिंतीवरून उतरत असेल तर दोष वर आहे: हेड किंवा पॅकिंग. पाणी लायनरच्या बाहेरून, ब्लॉकच्या पोटातून झिरपत असेल तर मात्र आपल्या मिस्त्रींचे खरे आहे. कोणत्या क्रमांकाच्या सिलिंडरखाली थेंब पडतो तेही कागदावर लिहून ठेवा.

त्यानंतर हेड उतरवून मशीन शॉपमध्ये द्या. तिथे पाण्याच्या वाटा पट्ट्यांनी बंद करून दाबाखाली तपासणी करता येते. हेडवर सरळपट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून खालून फीलर गेजची पाती सरकते का तेही पाहा. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकची बाहेरच्या भिंतीवरची भेग शिवता येते आणि टिकतेही. भेग बोअरच्या भिंतीत किंवा क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगजवळ असेल तर शिवू नका. ते पैसे वाया जातात आणि पुन्हा घाटात उभे राहण्याची वेळ येते.

हे सर्व इंजिन गाडीत असतानाच होते आणि त्याला एक दिवस लागतो. त्यानंतर ५५,००० चा विचार करावा.

गोदाकाठ:

मी नाशिकचा. माझ्याकडेही एमएम ५४० होती आणि २०१२ साली मी तिच्यात २५२३ सीसीचे बिनटर्बोचे डीआय इंजिन बसवले होते, त्यामुळे «दोन दिवसांत बसेल» हे वाक्य मी चांगले ओळखतो. माझी जीप तेव्हा सात आठवडे गॅरेजमध्ये होती.

आधी इंजिनांची कुळे वेगळी आहेत हे लक्षात घ्यावे. आपले एक्सडीपी हे प्यूजोच्या परवान्याखाली इगतपुरीला बनलेले इंजिन. बोअर ९० मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८३ मि.मी. नावातला ४.९० हा आकडाही तिथलाच, म्हणजे चार सिलिंडर आणि ९० चा बोअर. डीआय इंजिनाचा वंश मात्र इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरचा आहे. त्याचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मि.मी. हे आकडे विचित्र वाटतात, पण इंचांत मोजले की बरोबर साडेतीन आणि चार भरतात. एक इंजिन फिरणारे, दुसरे ओढणारे. दोन्ही एकाच कंपनीच्या गाड्यांत होती म्हणून ती एकमेकांच्या जागी बसतात असे समजू नये. दोन्हींचे बेल हाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणाचे) भोक-नकाशे वेगळे, क्रँकच्या मागच्या फ्लँजची जागा वेगळी, बाजूची माउंटिंगे वेगळी.

आता ही अडचण दोन मार्गांनी सोडवता येते आणि दोन्हींत खाचा आहेत. पहिला मार्ग म्हणजे जुना गिअरबॉक्स ठेवून मध्ये जोडपट्टी बनवून घेणे. मी तेच केले. जोडपट्टी कातकाम करणारा कोणीही बनवून देतो, पण क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आले आहेत की नाही हे डायल गेज लावून पाहिल्याशिवाय ती घट्ट करू नये. माझ्या मिस्त्रीने ती नजरेने लावली. पहिल्या तीन महिन्यांत दोन पायलट बेअरिंगे आणि एक क्लच प्लेट गेली. शेवटी एका जाणत्या फिटरने गेज फिरवून दाखवले तेव्हा काटा जवळजवळ अर्धा मिलिमीटर हलत होता.

दुसरा मार्ग म्हणजे आपल्याला दाखवलेला, इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स. तो सोपा वाटतो, पण आपल्या जीपसाठी तोच अधिक अवघड आहे. एमएम ५४० मध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी पेटी) गिअरबॉक्सच्या पाठीलाच चिकटलेली असते आणि मागचा जॉइंट (एक्सलकडे ओढ नेणारा दांडा) मधोमध न जाता उजवीकडून जातो. म्हणूनच मागच्या एक्सलचा गोळा (डिफरन्शियल) मध्यावर नसून एका बाजूला असतो. खाली वाकून पाहिले की लगेच दिसेल. भंगारात मिळणारा बोलेरोचा गिअरबॉक्स बहुधा दोनच चाकांना ओढ देणाऱ्या गाडीचा असतो आणि त्याचा शाफ्ट मधोमध निघतो. तो बसवला की पुढची ओढ गेली, मागचा एक्सल बदलणे आले, जॉइंट नव्या लांबीचे करणे आले. इंजिन बदलायला निघालो होतो आणि गाडी बदलून बसलो, अशी गत होते.

याउपर एक गोष्ट अशी, जी मला कोणी सांगितली नव्हती. चेंबर आणि पुढचा एक्सल यांच्यात उभ्या गाडीत पुरेशी जागा दिसते. खड्ड्यात पाटे पूर्ण दाबले गेले की ती उरत नाही. माझ्या चेंबरच्या तळाला पंधरा दिवसांत रुपयाएवढा पोचा पडला. नंतर एकाने युक्ती सांगितली: शाडू मातीचा गोळा एक्सलवर ठेवायचा, गाडी भरायची, शेतातल्या बांधावरून एकदा उतरवायची आणि मग गोळा किती चेपला ते मोजायचे. गोळ्याची उरलेली जाडी बोटभरापेक्षा कमी असेल तर माउंटिंग वर घ्यावेच लागते. आणि माउंटिंग वर घेतले की पंखा रेडिएटरच्या मध्यावर राहत नाही.

वेगाचेही गणित करून ठेवा. डिफरन्शियलचे झाकण उघडून क्राऊन आणि पिनियन या दोन दातेरी चाकांचे दात मोजा. ३९ आणि ८ असतील तर प्रमाण ४.८८; ४३ आणि ८ असतील तर ५.३८. सहाशे-सोळाचा (६.००-१६ मापाचा) टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. डीआय इंजिनाचा जोर ३,२०० फेऱ्यांच्या आसपास संपतो. म्हणजे टॉप गिअरमध्ये पहिल्या प्रमाणाला ताशी ८६ कि.मी. आणि दुसऱ्याला ७८ कि.मी. एवढाच वेग मिळेल, तोही इंजिन ओरडत असताना. प्यूजोचे इंजिन ४,००० च्या पुढे आनंदाने फिरत असे, म्हणून ते लहान गिअर तेव्हा खपून जात.

चांगली बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. चिखलात, भाताच्या खाचरातून माझी जीप क्लच न दाबता निघत असे. थंडीत हिटर प्लग तापण्याची वाट पाहावी लागत नसे आणि डिझेल सुमारे १० ते १५ टक्के कमी लागत असे. आवाज मात्र ट्रॅक्टरचा.

उद्यमनगर_फिटर:

गोदाकाठ यांच्या सविस्तर उत्तरात एका आकड्याची भर घालतो, कारण टर्बो इंजिनाच्या बाबतीत लोक इथेच फसतात. प्यूजो इंजिनाची अश्वशक्ती ६२ आणि बोलेरोच्या त्या टर्बो डीआयची ६३. हे आकडे पाहून वाटते, काही फरकच नाही. पण पिळाचा जोर पाहा: प्यूजोचा १२० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि टर्बो डीआयचा १८०, तोही १,५०० फेऱ्यांच्या आतच. जुन्या गिअरबॉक्सचे दात, जॉइंटचे क्रॉस आणि मागचे एक्सल शाफ्ट यांच्यावर दीडपट भार येतो, आणि ते तर तीस वर्षे झिजलेले आहेत. पहिल्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढावर सुटताना जो आवाज येतो तो एकदा ऐकला की विसरत नाही.

ब्रेकचेही बोलतो. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी व्हॅक्यूम मिळत नाही. त्यासाठी पंप लागतो आणि तो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. भंगारातले इंजिन घेताना अल्टरनेटर, पंप, पंख्याचे मधले तुकडे आणि सर्व ब्रॅकेट त्याच इंजिनाची घ्यावीत. «ते बाजारात मिळेल» असे जे जे सांगितले जाते, ते शेवटी कुठेच मिळत नाही.

कागद_आधी:

शिवनेरी_जीप, आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून लिहितो. या क्षेत्रातील कागदपत्रांशी माझा नित्याचा संबंध आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. याउलट, त्याच मेकचे (कंपनीचे) आणि त्याच प्रकारचे इंजिन बदलून बसवणे ही गोष्ट कायद्याला अनोळखी नाही. कलमातच «त्याच मेकचे आणि प्रकारचे» असे शब्द आलेले आहेत. परंतु त्यासाठी आधी परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी, मग इंजिन बसवावे आणि मग नोंदणीपुस्तकात नवा क्रमांक चढवून घ्यावा. क्रम उलटा केला की प्रत्येक टेबलावर आपल्यालाच खुलासा द्यावा लागतो.

म्हणजे आपल्या दृष्टीने सुसंगत इंजिन कोणते हे निम्मे पान्याने ठरते आणि निम्मे कागदाने. २११२ सीसीच्या जागी २५२३ सीसीचे दुसऱ्या प्रकारचे इंजिन आले तर क्रमांक, घनक्षमता आणि प्रकार असे तीन तपशील बदलतात. एक्सडीपीच्या जागी एक्सडीपीच आले तर फक्त क्रमांक बदलतो. आपली गाडी १९९१ ची आहे. पहिली १५ वर्षे २००६ ला संपली आणि तेव्हापासून दर ५ वर्षांनी नूतनीकरण होत आले असणार. म्हणजे २००६, २०११, २०१६, २०२१ आणि आता २०२६. तपासणीच्या दिवशी निरीक्षक बॉनेट उघडून क्रमांक पाहणारच.

दोन बारीक गोष्टी अशा. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो. त्यामुळे हेड, क्रँक, पंप सर्व आपलेच ठेवून फक्त ब्लॉक बदलला तरी कागदाच्या दृष्टीने ते इंजिन बदलणेच होय. आणि जुने इंजिन घेताना विक्रेत्याचे बिल पुरे होत नाही. ते ज्या गाडीतून निघाले त्या गाडीची नोंदणी कलम ५५ खाली रद्द झाल्याचा कागद आणि त्या कागदावर तोच इंजिन क्रमांक, हे दोन्ही हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तसे नसेल तर इंजिन चोरीच्या गाडीचे निघण्याचा धोका आपल्या गळ्यात पडतो. विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

आणि क्रमांक वाचता येत नसेल तर केरोसिन आणि फडके वापरावे. कानस, ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश त्या जागेला लावू नये. घासल्याच्या खुणा दिसल्या की क्रमांकात फेरफार केल्याचा संशय येतो आणि मग तो आपल्यालाच निस्तरावा लागतो.

गोदाकाठ:

कागद_आधी यांचे म्हणणे मला दुखऱ्या जागी लागले, कारण मी मंजुरी घेतली नव्हती. २०१२ साली कोणी विचारलेही नाही. नूतनीकरणाच्या वेळी क्रमांक जुळेना आणि अर्ज परत आला. शेवटी मूळ इंजिन, जे सुदैवाने गोठ्यात पोत्याखाली पडून होते, ते बांधून पुन्हा बसवावे लागले. तो खर्च आधीच केला असता तर सात आठवडेही वाचले असते. डीआय इंजिन आता विहिरीवर पाणी उपसते आणि उत्तम चालते.

लाल_माती:

सावंतवाडीहून लिहितो आहे. सर्वजण एक्सडीपी किंवा डीआय असे दोनच पर्याय धरून चालले आहेत. मधला एक आहे: एक्सडी३पी, २४९८ सीसी. तेही प्यूजोच्याच घराण्यातले. बोअर ९४, स्ट्रोक ९०. ते महिंद्राच्याच गाड्यांत येत असे, घराणे एकच असल्यामुळे गिअरबॉक्सशी त्याचे नाते सहज जुळते आणि जोडपट्टीचा प्रश्न येत नाही. फिरण्याचा स्वभाव जुन्याच इंजिनाचा, त्यामुळे गोदाकाठ यांनी सांगितलेले वेगाचे गणितही बिघडत नाही. आमच्याकडच्या चढ-उतारांना वाढीव सीसी फार उपयोगी पडते. माझे मत विचाराल तर जीपला शोभणारे इंजिन तेच.

कागद_आधी:

यंत्राच्या बाबतीत मी बोलत नाही. कागदावर मात्र २११२ च्या जागी २४९८ आले की ते «त्याच प्रकारचे» राहिले का, हा प्रश्न उभा राहतो. कार्यालयाने लेखी मंजुरी दिली तर आनंदच आहे. तोंडी «चालेल» या शब्दावर विसंबून इंजिन विकत घेऊ नये.

लाल_माती:

मान्य. पण एक्सडीपीचा चांगला ब्लॉक शोधायला गेलात की हेच लक्षात येईल की, उरलेली बहुतेक इंजिने दोन-तीनदा बोअर झालेली आहेत. तेव्हा अर्जात दोन्ही पर्याय विचारून ठेवायला काय हरकत आहे?

शिवनेरी_जीप:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आपण सांगितलेले एक एक करून पाहिले.

चेंबर उतरवून पाण्याला दाब दिला. पहिली दहा मिनिटे काहीच झाले नाही आणि मिस्त्री माझ्याकडे पाहून हसले. मग तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये एक थेंब जमला, लायनरच्या बाहेरच्या अंगाने, आणि टपकला. पुढच्या वीस मिनिटांत वर्तमानपत्रावर हाताच्या पंजाएवढा ओलावा झाला. बोअरच्या आतून काही उतरत नव्हते. हेडही दाबाखाली तपासून घेतले. त्यात भेग नाही, फक्त थोडे वाकलेले आहे आणि ते घासून सरळ होईल. लायनर काढल्यावर भेग डोळ्यांनी दिसली. केसाएवढी बारीक, पण वरच्या कडेपासून खाली बोटभर लांब. म्हणजे मिस्त्रींचे निदान बरोबर निघाले. त्यांना मी तसे सांगितले आणि चहाही पाजला. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र सोडून दिला: भंगारवाल्याला इंजिन कोणत्या गाडीचे आहे असे विचारल्यावर तो «कागदाचे नंतर बघू» म्हणाला, आणि तो गिअरबॉक्स दोन चाकांच्याच ओढीचा होता.

आता नवी परिस्थिती अशी. ओतूरजवळ एका शेतकऱ्याकडे १९८९ ची एमएम ५४० कित्येक वर्षे चिंचेखाली उभी होती. सांगाडा गंजून खाली बसला आहे, पण इंजिन पूर्ण आहे आणि हाताने फिरते. त्यांनी नोंदणी रद्द करून घेतली होती आणि तो कागद त्यांच्या ट्रंकेत नीट घडी घालून ठेवलेला होता. इंजिन एक्सडीपी ४.९०. ते १८,००० रुपयांना द्यायला तयार आहेत. घ्यावे का, आणि घेण्याआधी काय मोजावे?

उद्यमनगर_फिटर:

कागद जुळत असेल तर घ्यावे, पण «हाताने फिरते» यावर भाळू नका. हेड आणि चेंबर उघडून चार मापे घेऊ द्याल का असे त्यांना विचारा. नाही म्हणाले तर किंमत उतरवून मागा.

बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजा. पण लायनर बदलता येतात, म्हणून बोअर झिजलेला असला तरी घाबरू नका. क्रँक महत्त्वाचा. तो आधी किती वेळा घासला आहे ते बेअरिंगच्या पाठीवरच्या शिक्क्यावरून कळते: ०.२५, ०.५०, ०.७५ मि.मी. पण आपला स्वतःचा क्रँक चांगला असेल तर त्यांच्या ब्लॉकमध्ये आपला क्रँक, आपले पिस्टन आणि आपलेच हेड बसवता येईल. मग त्यांच्याकडून खऱ्या अर्थाने आपल्याला फक्त ब्लॉकच घ्यायचा आहे. ब्लॉकला तीच दाबाची तपासणी करा जी आपल्या ब्लॉकला केली. चिंचेखाली उभ्या गाडीत पाणी साठून राहिलेले असते आणि आतून गंज पाण्याच्या वाटा खातो. ब्लॉकच्या बाजूला पाण्याच्या वाटा बंद करणाऱ्या टोप्या काढून स्क्रू ड्रायव्हरने खरवडून पाहा. पत्र्यासारखे पापुद्रे निघाले तर सोडून द्या.

डिझेल पंप आणि नोझल आपलेच ठेवा. उभ्या गाडीचा पंप आतून चिकटलेला असतो. आणि या वेळी तापमानाचा काटा सर्वांत आधी बसवा, इंजिन नंतर.

शिवनेरी_जीप:

मापे घेतली. त्यांचा क्रँक ०.५० घासलेला आहे; आमचा अजून ०.२५ वरच आहे, म्हणून आमचाच वापरतो. ब्लॉक दाबाखाली तासभर ठेवला, वर्तमानपत्र कोरडे राहिले. टोप्यांखालून गाळ निघाला, पापुद्रे नाहीत. सौदा १६,००० ला झाला आणि त्यांनी वर चिंचेचा एक डबाही दिला.

परिवहन कार्यालयात अर्ज दिला आहे. सोबत त्यांच्या नोंदणी रद्द झाल्याचा कागद, विक्रीची लेखी पावती आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत जोडली. खिडकीवर मला इंजिन क्रमांकाचा पेन्सिल छाप मागितला. घरी येऊन केरोसिनच्या फडक्याने ती जागा तीन वेळा पुसली, पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली. सर्व आकडे उठले, एक सोडून: शेवटून तिसरा आकडा १ आहे की ७, हे छापावर नीट ठरत नाही. त्यांच्या जुन्या पुस्तकात ७ लिहिले आहे. बॅटरी तिरपी धरली की वरची आडवी रेघ पुसटशी दिसते. कागद_आधी, हा छाप असाच द्यावा, की निरीक्षकांना ब्लॉकच प्रत्यक्ष दाखवण्याची विनंती करावी?

कागद_आधी:

ब्लॉक दाखवण्याची विनंती अर्जातच लेखी करावी आणि छाप आहे तसाच जोडावा. पेन्सिलीने ती रेघ वरून गडद करू नये. बसवण्याआधीच ब्लॉक टेम्पोत घालून नेलात तर आकडा उजेडात, हवा तसा फिरवून पाहता येईल. एकदा बॉनेटखाली गेल्यावर त्या कोनात बॅटरी धरता येणार नाही.

शिवनेरी_जीप:

सोमवारी टेम्पो सांगितला आहे. वडीलही बरोबर येतो म्हणाले आहेत.